जुनी स्कूलबस ट्रॅव्हलर + मोडलेल्या कॅरव्हानचं सामान = फॅमिली कॅम्पर? जमेल का? (जयगड, रत्नागिरी)

खाडीपल्याड :
नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचत बसायचो, आज पहिल्यांदा लिहितोय आणि लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

झालंय असं की फेब्रुवारीत मी २०१६ ची फोर्स ट्रॅव्हलर घेतली, १२+१ सीटवाली, आधी शाळेला लागायची म्हणून अजून अंगभर पिवळी आहे आणि खिडक्यांना आडवे गज आहेत. ५ लाख ४० हजारला पडली. इंजिन ठणठणीत आहे, डावीकडच्या मागच्या चाकावर गंजाचा फोड आलाय तो सोडला तर बॉडीपण बरी. डोक्यात एकच, आम्ही पाच जण (मी, बायको, मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ चा आणि आमची आई) शनिवारी उठून गुहागर वेळणेश्वर करावं, दिवाळीत तारकर्लीपर्यंत जावं, आणि लॉज शोधत फिरावं लागू नये. आईचे गुडघे गेलेत, मागच्या वेळी "दुसऱ्या मजल्यावरची रूम आहे, सी व्ह्यू" असं कौतुकाने सांगणाऱ्या मॅनेजरकडे तिने ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेलो नाही.

आता मूळ गंमत. माझा मेव्हणा गोव्याच्या हद्दीजवळ कामाला असतो. तिथे एका रिसॉर्टवाल्याने बागेत खोली म्हणून एक जुना इंग्लिश कॅरव्हान ठेवला होता, तो कारच्या मागे ओढतात तसला, सोळा फुटी. पावसाने त्याचं असं झालं होतं की कोपऱ्यात बोट दाबलं तर भिंतीत आत जायचं. मेव्हण्याने तो ३५ हजारात उचलला, दोन दिवसात आतून सगळा सोलला आणि टेम्पोत भरून माझ्या अंगणात आणून टाकला. तर आत्ता माझ्याकडे ताडपत्रीखाली काय काय आहे, चार ॲक्रिलिकच्या खिडक्या (दोन मोठ्या, सगळ्यांना आत मच्छरजाळी गुंडाळून वर जाते तशी), छतातलं एक झाकण, सिंक आणि शेगडी एकत्र असलेलं स्टीलचं टॉप वर काचेचं झाकण, तीन प्रकारे चालणारा फ्रिज (गॅस, १२ व्होल्ट, घरची लाईट), कॅसेटवाला संडास (खालची मैल्याची टाकी ओढून काढायची), १२ व्होल्टचा पाण्याचा पंप, डोक्यावरची सहा कपाटं ज्यांना बटण दाबून उघडायचे लॉक आहेत, प्लास्टिकची दोन पायऱ्यांची पायरी, आणि यू आकाराचा सोफा गाद्यांसकट, जो मधे टेबल टाकलं की डबल बेड होतो.

प्लॅन असा की सगळ्या सीट काढायच्या, मागे तो यू सोफा बसवायचा, प्रवासात पोरं आणि आई त्यावर बसतील, रात्री बेड. खिडक्या आहेत त्या काचा काढून तिथे लावायच्या. फ्रिज आणि शेगडी डावीकडे दाराच्या मागे.

आता प्रश्न. खिडक्या बसतील का, कारण ट्रॅव्हलरची साईड किंचित गोलाईत आहे आणि या सपाट आहेत. फ्रिज आपल्याकडच्या उकाड्यात चालेल का. आणि आरटीओचं काय करायचं, गॅरेजवाला म्हणतो कोण बघतंय, पिवळा रंग काढा आणि फिरा. बायको म्हणते ते सगळं राहू द्या, आधी आईंना त्यात चढता येतंय का ते बघा.

वेल्डिंगवाला_चिपळूण :
आधी गाडीचं बोलू. चिपळूणकडून घेतलीये का? असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुरात उभी होती का ते बघ. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचल, सीटच्या बोल्टच्या भोकात आणि दाराच्या आतल्या कप्प्यात बारीक तांबूस गाळ बसलेला असतो तो पाण्याने कधी पूर्ण जात नाही. आमच्या गल्लीत त्या वर्षानंतर चकाचक पॉलिश मारून किती गाड्या विकल्या गेल्या ते मी डोळ्याने बघितलंय.

दुसरं, चाकावरचा तो फोड. वरून फोड एवढा दिसतो तेव्हा आत तीन पट खाल्लेलं असतं. पुट्टी भरू नको. कापून काढ, नवीन पत्रा मार, आतून झिंक प्रायमर. हे सगळं सामान बसवायच्या आधी, नंतर कपाट काढून वेल्डिंग करायची वेळ आली तर ग्लासवूल आणि प्लाय पेटेल आणि मी यायचा नाही.

खिडक्या. तू म्हणतोयस त्या बहुतेक वरच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्टीत अडकवून लोंबणाऱ्या असणार, खालून ढकलून बाहेर उघडतात. या सपाट भिंतीसाठी असतात. गोल पत्र्यावर सरळ लावलीस की पट्टी वाकते, एका टोकाला फट राहते, आणि आपल्या पावसात ती फट म्हणजे नळ. करायचं काय तर कंपनीची काच आणि गज काढायचे, त्या चौकटीत सपाट पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यायचा म्हणजे तिथे एक सपाट पाटी तयार होते, मग त्या पाटीत खिडकीचं भोक कापायचं. भोक कापल्यावर धार कानशीने घासून तिला दोन हात प्रायमर आणि एक हात रंग, हे विसरलास तर समुद्राकाठी एका पावसात धारेतून गंज रडायला लागतो, खाली तांबडे ओघळ. गज काढल्याची भोकं पण भर नाहीतर तीच गळतील.

चारही लावू नकोस. दोन पुरे. कापलं तितकं कमजोर.

नारळीपोफळी :
सिलिकॉन मारला की काही गळत नाही, मी माझ्या ओम्नीला मारलाय ३ वर्षं झाली. उगाच घाबरवू नका माणसाला.

वेल्डिंगवाला_चिपळूण :
@नारळीपोफळी तुझ्या ओम्नीच्या सिलिकॉनला लावताना आंबट व्हिनेगरसारखा वास आला होता का? आला असेल तर तो ॲसिडवाला, कच्च्या पत्र्याला तोच गंजवतो. वरून छान दिसतं, आत पत्रा पोखरतो. कॅरव्हानवाले चौकटीच्या मागे ब्युटाइलची टेप लावतात, ती काळी चिकट न सुकणारी, गाडी हलली तरी ती हलते आणि पुन्हा काढायची झाली तर निघते. जिथे कायमचं चिकटवायचंय तिथे पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट. आणि खिडकीच्या ॲक्रिलिकला थिनर, पेट्रोल किंवा काच पुसायचा स्प्रे लावू नका, बारीक बारीक तडे येतात आणि मग ती खिडकी कायमची धुक्यात. साबणाचं पाणी आणि मऊ फडका, बास.

मालवणी_मांजर :
माका येकच सांगूचा आसा, सोफ्याच्या खालती मासे ठेवू नको. माज्या चुलत्यान टेम्पोत ठेवले हुते, टेम्पो इकलो पण वास नाय गेलो 😂
बाकी काम झाक, फोटो टाक.

देवगडची_माई :
खाडीपल्याड भाऊ, मी गाडीच्या तांत्रिकातली नाही पण आम्ही आमच्या टाटा विंगर व्हॅनचं असंच केलंय आणि दोन पावसाळे काढलेत, मुलं तुमच्या मुलांच्याच वयाची होती, म्हणून मला जे डोळ्यासमोर दिसतंय ते लिहिते आणि जरा कडक लिहिते.

तो सोफा. कॅरव्हान ओढून नेतात तेव्हा आत माणसं बसत नाहीत, बसायची परवानगीच नसते, म्हणून त्याचा सोफा हा घरातल्या दिवाणासारखा असतो, पातळ प्लायची पेटी आणि वर गादी. बेल्ट नाही, बेल्ट अडकवायला लोखंड नाही. तुम्ही प्लायला बेल्टचा बोल्ट मारलात तरी धक्क्याला प्लाय फाटतो आणि पेटीसकट पोर पुढे येतं. आणि यू आकारात दोघं आडवे तोंड करून बसणार, कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक लागला तर? कायद्यातही १४ च्या आतल्या मुलाला बेल्ट न लावल्याचा १००० रुपये दंड गाडी चालवणाऱ्यालाच आहे, पण दंडाचं सोडा हो.

आम्ही काय केलं, कंपनीच्या सीटची एक रांग तशीच ठेवली, तिच्या मूळ जागी, मूळ बोल्टवर. तुम्ही पाच आहात, पुढे दोघं, मागे तिघं, हिशेब जमतो. सीटना बेल्ट असतील तर, नुसते कमरेचे असले तरी, ते काढू नका, आणि ६ वर्षांच्याला बूस्टर (पोराला उंच बसवणारी छोटी सीट) लावायचा तर तीन टोकांचा बेल्ट लागतो, त्यासाठी चांगल्या सीटवाल्याकडून कंपनीच्या जागी बसणारी सीट घ्या. सोफा त्याच्या मागे, फक्त गाडी उभी असताना. आणि मागचं दार सोफ्याने अडवू नका, तो तुमचा आगीतला दरवाजा आहे. आमच्या घरात या एका वाक्यावरून आठवडाभर अबोला होता, पण शेवटी सोफा कापला, अर्धा केला, एल झाला. झोपायला चार जण मावतात, पाचवा म्हणजे आमचे हे, पुढच्या सीटवर पाय वर करून झोपतात आणि सकाळी कण्हतात.

गाद्यांचा स्पंज फेकून द्या. इंग्लंडात ती थंडीत कोरडी राहात असेल, आपल्याकडे जूनमध्ये त्याच्या खालून बुरशी येते, हिरवी काळी, आणि आईंना दम्याचा त्रास असेल तर संपलं. गादीखाली फळीला भोकं पाडा, हवा खेळली पाहिजे. कॅरव्हानच्या कपाटांचा प्लाय पण हलका असतो, वर लाकडासारखा कागद चिकटवलेला, कडेला पाणी लागलं की फुगून पापुद्रे सुटतात. आम्ही दारं आणि लॉक तेवढे वापरले (ते बटणवाले लॉक सोन्यासारखे आहेत, आंबा घाटात एक डबा खाली पडला नाही) आणि पेट्या नवीन केल्या, ७१० नंबरच्या मरीन प्लायमध्ये, १२ एमएम. सुतार म्हणेल कमर्शियल प्लाय चालतो. त्याच्या घरी चालतो.

मच्छरजाळ्या मात्र जपा!! संध्याकाळी सहा ते आठ गुहागरच्या सुरूच्या बनात तुम्हाला कळेल त्या कॅरव्हानची खरी किंमत कशात होती.

खाडीपल्याड :
माई, सोफ्याचं वाचून पोटात गोळा आला खरंच. मी यूट्यूबवर बघितलं होतं लोक आरामात मागे झोपून जातात म्हणून. पण मग सोफा अर्धा केला तर आईची झोपायची सोय कुठे, तिला खाली वाकून बेड करायला जमणार नाही, तिला कायम तयार बेड हवा.

आणि संडासाचं कोणी बोलेना 😅

देवगडची_माई :
आईंना एलची लांब बाजू द्या, ती कायम तयार, टेबल लावायचं काम मुलांच्या बाजूला. उंची खुर्चीएवढी ठेवा, १८ इंच, कॅरव्हानचा सोफा बुटका असतो, गुडघेवाल्या माणसाला त्यातून उठता येत नाही. आणि ती दोन पायऱ्यांची पायरी ठेवा पण दाराच्या आत एक उभा स्टीलचा दांडा लावा धरायला, पायरीपेक्षा दांडा महत्त्वाचा. तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा, बरोबर प्रश्न तोच होता.

संडास, बाहेरून दार कापावं लागतं कॅसेट ओढायला, म्हणजे परत पत्रा कापा. आम्ही तो विकला आणि सुटा पोर्टेबल घेतला, रात्री बाहेर काढतो पडद्याआड. कॅसेट ठेवणार असाल तर झडपेचं रबर आधी बदला, जुनं रबर कडक झालेलं असतं आणि ते कुठे गळतं ते मी लिहीत नाही. फॉर्मलिनवाली औषधं घरच्या सेप्टिक टँकमध्ये ओतू नका, टँकमधले जंतू मरतात. आणि समुद्रावर तर नाहीच नाही, कृपा करा.

कंदील_मोड :
वायरिंगवाला. माईंनी आणि चिपळूणच्या भाऊंनी लिहिलंय त्यात भर घालत नाही, मी फक्त लाईट आणि गॅस.

चांगली बातमी आधी. इंग्लिश कॅरव्हान असल्यामुळे त्याची घरची लाईट २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. अमेरिकन असता तर सगळं फेकावं लागलं असतं. तिथेही गाड्या डावीकडून चालतात म्हणून त्यांचं दार पण डावीकडे, त्यामुळे किचनची मांडणी तुमच्या ट्रॅव्हलरला आरशात न बघता तशीच बसेल. पंप १२ व्होल्टचा, गाडी १२ व्होल्टची, जमलं. पण त्यातला जुना चार्जर असेल तर तो लिथियम बॅटरीला लावू नका, तो लेड ॲसिडच्या हिशेबाचा आहे.

फ्रिज. मनाची तयारी ठेवा. हा कॉम्प्रेसरचा फ्रिज नाही, गरम करून थंड करणारा आहे, आत अमोनिया. १२ व्होल्टवर तो ८ ते १० अँपियर सतत खातो म्हणजे फक्त इंजिन चालू असतानाच, रात्री लावलात तर सकाळी बॅटरी रिकामी. गाडी जरा जरी कलती उभी राहिली तरी तो काम सोडतो, आणि किनाऱ्याच्या रस्त्यांवर सपाट जागा शोधून दाखवा. मुख्य म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तो ठराविक अंशच खाली जातो, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत आत ४० झाले की फ्रिजमध्ये दूध म्हणजे दही लावल्यासारखं. आणि आधी त्याच्या मागच्या नळ्या बघा, कुठे पिवळी पूड जमलीये का किंवा नाक झोंबेल असा वास येतो का. असेल तर तो मेला, दुरुस्त करत बसू नका.

त्यापेक्षा ४० लिटरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. हिशेब सांगतो. तो चालू असताना ४५ वॅटच्या आसपास खातो, आपल्या उकाड्यात निम्मा वेळ चालला असं धरा तर दिवसाला ५४० वॅट-तास. दोन पंखे २०-२० वॅटचे आठ तास, ३२०. दिवे आणि मोबाईल मिळून शंभर धरा. झाले ९६०. १०० अँपियर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८०. एक रात्र आणि अर्धा दिवस आरामात. छतावर २०० वॅटचं पॅनल घाला, ऑक्टोबर ते मे तेवढ्यात भागतं. पावसाळ्यात सूर्य नसतोच तेव्हा इंजिनवरून चार्ज करायला मधे डीसी टू डीसी चार्जर (गाडीच्या बॅटरीकडून या बॅटरीत भरणारा) लावा, २५ अँपियरचा लावलात तर दोन तास ड्रायव्हिंगमध्ये साडेसहाशेच्या आसपास परत भरतं. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी झोपायच्या जागी ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज. एक वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली की पूर्ण गाडी पेटायला पाच मिनिटं लागतात.

गॅस. त्या शेगडीला ज्योत विझली की गॅस बंद करणारा सेन्सर आहे का बघा (बर्नरजवळ बारीक तांब्याची काडी), नसेल तर ते टॉप नुसतं सिंक म्हणून वापरा, गॅस जोडू नका. प्रेशर साधारण जुळतं, तिकडचे २८-३० मिलिबार, आपला घरगुती रेग्युलेटर ३० च्या आसपास. सिलिंडर ५ किलोवाला छोटू, १४.२ चा लाल घरचा गाडीत नेऊच नका. त्याची पेटी आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, वरची खिडकी उघडी ठेवून काही उपयोग नाही. सुरक्षा होज, साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे. आणि हे हसण्यावारी नेऊ नका, डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हानमध्ये दोघं मेलेले सापडले, जनरेटरचा धूर आत शिरला होता, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. हजार दीड हजारात अलार्म मिळतो, तो उशाच्या उंचीला लावा. स्वयंपाक करताना छतातलं झाकण उघडं.

माझा स्वतःचा विचार विचाराल तर गॅस गाडीबाहेर. मागे एक ओट्यासारखी फळी ओढून तिथे शेगडी. कोकणात आत कोण स्वयंपाक करतंय, बांगडा तळलात की पुढचे चार दिवस उशीला वास.

मालवणी_मांजर :
मीया हेच सांगी हुतंय 😂😂

सडेफटिंग :
आरटीओचं मी बोलतो, कारण गॅरेजवाल्याचं "कोण बघतंय" मी पण ऐकलं होतं आणि मला संगमेश्वरजवळ बघितलं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जे बनवलंय त्यात मूळ रचनेत बदल करायचा तर रजिस्ट्रेशन करणाऱ्या ऑफिसची परवानगी आधी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच पक्कं केलं, कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून लांब जाणारा बदल चालणार नाही. आणि कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे वाचा नीट.

पण कॅम्परव्हॅन म्हणजे बेकायदा असं अजिबात नाही. खाजगी वापराची कॅम्परव्हॅन हा नॉन-ट्रान्सपोर्ट गाड्यांमधला वेगळा प्रकार सरकारी यादीतच आहे, आणि मोटर कॅरव्हानसाठी एआयएस १२४ नावाचं स्टँडर्ड पण आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हान पर्यटनाचं धोरण काढलं ते भाड्याच्या गाड्यांसाठी जास्त, पण त्यामुळे ऑफिसात शब्द तरी ओळखीचा झालाय. तुमच्या बाबतीत तीन वेगळी कामं आहेत. पिवळी नंबरप्लेट म्हणजे ट्रान्सपोर्ट (धंद्याची गाडी), ती खाजगी करायची. सीट कमी होणार, सीटची संख्या आरसीवर छापलेली असते, ती बदलायची. आणि बॉडीचा प्रकार. यातलं काहीही कापाकापी व्हायच्या आधी एमएच ०८ च्या (रत्नागिरी आरटीओ) ऑफिसात जाऊन मोटार वाहन निरीक्षकांना भेटा, कागदावर स्केच घेऊन. मी उलटं केलं, आधी बनवलं मग गेलो, सात महिने गाडी अंगणात कोंबड्यांना.

इन्शुरन्सला पण लेखी कळवा. ट्रॅव्हलर म्हणून पॉलिसी आणि आत गॅस, सोलर, लिथियम, अशी गाडी पेटली तर ते काय उत्तर देतील ते तुम्हाला मला दोघांना माहितीये.

नारळीपोफळी :
एवढं सगळं करण्यापेक्षा तंबू घ्या. (चिडू नका, मीच माझ्या सिलिकॉनकडे बघून आलो, खाली तांबडं आहे.)

वेल्डिंगवाला_चिपळूण :
@नारळीपोफळी घेऊन ये शनिवारी.

@खाडीपल्याड एक राहिलं. पाण्याची टाकी खाली लोंबवणार असशील तर मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबवू नको. तू जयगडचा, खाडीपलीकडे तवसाळला फेरीबोटीनेच जाणार, ट्रॅव्हलरची शेपटी लांब आहे, ओहोटीला फळी उतरती झाली की मागचं बंपर आधीच टेकायला येतं, त्यात टाकी असेल तर तिथेच राहील. दोन ॲक्सलच्या मधे बांध. १०० लिटर म्हणजे १०० किलो हे पण लक्षात ठेव. सगळं काढल्यावर एकदा आणि बसवल्यावर एकदा गाडी वजनकाट्यावर घाल, पुढचं चाक वेगळं मागचं वेगळं, आरसीवर वजन लिहिलेलं असतं त्याच्याशी ताडून बघ. आणि पत्र्याच्या पोकळीत फोम स्प्रे मारू नको, खालची निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी आत राहतं. छताला आतून क्रॉसलिंक फोम चिकटव, वरून पांढरा रंग. आपल्याला थंडी नाही मारायची, ऊन मारायचंय.

खाडीपल्याड :
दीड महिना झाला, कळवायचं राहिलं, गणपतीच्या आधी उरकायचं होतं ते काही झालं नाही.

पण जे झालं ते असं. आरटीओत तीन खेपा झाल्या. निरीक्षक साहेब चांगले निघाले, स्केच बघून पहिला प्रश्न त्यांचाही सीटचाच, पोरं कुठे बसणार. एक रांग कंपनीची ठेवतोय म्हटल्यावर जरा मोकळे झाले. खाजगी करायचे कागद गेलेत, पुढचं ते सांगतील त्या बॉडीवाल्याकडून करून घ्यायचं, तोपर्यंत मी पत्र्याला हात लावलेला नाही, फक्त गंज कापून घेतला. बाहेर पन्नास पैशाएवढा होता, आत वहीच्या पानाएवढा निघाला. मॅटिंग उचललं, गाळ नाही, सुटलो.

रिकामी गाडी काट्यावर घातली. काटेवाला विचारतो काय भरायचंय, म्हटलं आई. तो बघतच राहिला.

सोफा एल केला. तो अंगणातच विटांवर ठेवून आईला बसवून बघितलं, १८ इंच तिला कमी पडले, १९ केले. दांड्याला धरून दोनदा चढली उतरली, मग म्हणाली हा दांडा घरी बाथरूममध्ये पण लाव, तर आता घरी पण लावलाय आणि बायकोने मला एवढी वर्षं सुचलं नाही म्हणून ऐकवलंय.

फ्रिज मेला होता. मागे नळीच्या वाकणावर पिवळी पूड, कंदीलभाऊंनी लिहिल्यासारखीच, मी आधी हळद सांडली असेल समजलो. पण त्याचं दार इतकं घट्ट बसतं की टाकवेना, मागच्या नळ्या भंगारवाल्याला काढून न्यायला सांगितल्या आणि खोका ठेवला. सध्या तो पडवीत आहे, त्यात आईने आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ आणि सोलं ठेवलीत, मुंग्या लागत नाहीत म्हणते. गाडी तयार झाली तरी तो परत द्यायला ती तयार नाही.

फोटो टाकतो उजेड असताना, आत्ता बाहेर धो धो चालू आहे आणि ताडपत्री एका कोपऱ्यात उडालीये, ती बांधून येतो.